काशीला न गेलेल्या द्वारकाबाई

त्यागाशिवाय माणसाला मोठेपण येत नाही, आणि आमच्या भागात हे कुणी आयुष्यभर आचरून दाखवलं असेल तर ते द्वारकाबाई शेलार यांनी. काशीक्षेत्री त्यांनी दुधाचा त्याग केला आणि अखेरच्या श्वासापर्यंत तो पाळला, असं मुलींच्या वसतिगृहाच्या दाराशी बसवलेली पाटी सांगते. पाटी संगमरवरी असल्यामुळे तिच्यात दुरुस्ती करता येत नाही. नाव तेवढं बरोबर आहे. बाकी, बाई काशीला कधी गेल्या नव्हत्या. उत्तरेकडचा त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास मनमाडपर्यंतचा, तोही कोपरगावला उतरायचं असताना डोळा लागला म्हणून झालेला. आणि दूध त्यांनी टाकलं नव्हतं. दुधानंच त्यांना टाकलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी राहात्याच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात मास्तर होतो. गाव कालव्याखालचं, त्यामुळं दुष्काळातही आमच्याकडं ऊस हिरवा दिसे आणि गाई दूध देत. वसतिगृहातल्या मुली मात्र बहुतेक पाथर्डी-जामखेडकडच्या, कोरड्या मुलखातल्या. त्यांचे आईबाप एरवी ऊसतोडीला येत. त्या वर्षी ते सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. ज्या मुलीचं नाव वसतिगृहातून निघे, ती दुसऱ्या आठवड्यात आईशेजारी हातोडी घेऊन बसलेली असे. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नसे.

द्वारकाबाई या वसतिगृहाच्या रेक्टर. मला सकाळी तासभर मुलींचं गणित घ्यायला त्यांनीच बोलावलं, आणि त्याबद्दल नाश्ता देऊ केला. मी एकटा राहत होतो आणि हॉटेलातल्या भज्यांना कंटाळलो होतो, म्हणून लगेच हो म्हणालो. तो नाश्ता काय असणार आहे हे विचारायला हवं होतं, हे पुढं कळलं.

बाई पारनेरकडच्या. हाडापेरानं मोठ्या, पांढरं काठाचं पातळ, कपाळ मोकळं, हातात बाराही महिने छत्री. पाऊस नसलेल्या त्या वर्षातही ती होती. छत्री उघडलेली मी फारशी पाहिली नाही. ती दाखवण्यासाठी होती. स्वयंपाकघरात कुठलं पातेलं उतरवायचं, कुठल्या मुलीची वेणी सैल आहे, कुठल्या मास्तरचं भाषण लांबलं आहे, हे सगळं त्या छत्रीच्या टोकानं दाखवत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कुणी सांगितलं?" आवाज चढवून नाही, अगदी चौकशीच्या सुरात. मुलींना रात्री आरशात पाहू नये म्हणालं, की कुणी सांगितलं. अमक्या साहेबांमुळे गावात वीज आली म्हणालं, की कुणी सांगितलं. समोरचा माणूस खरोखरच आठवायला लागे, की हे आपल्याला सांगितलं कुणी; आणि आठवेपर्यंत बाई पुढं गेलेल्या असत. हा प्रश्न त्या स्वतःला मात्र क्वचितच विचारत. शेंगदाण्यानं डोळ्यांची नजर सुधारते असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते सांगताना त्या जाड भिंगांच्या चष्म्यातून आपल्याकडं पाहत.

दुधाची गोष्ट अशी. लहानपणी त्यांना दूध फार आवडायचं. दूध-भाकरी, शेवयांची खीर, साय, सगळं. वयात आल्यावर कधीतरी ते पोटाला सोसेनासं झालं. पेलाभर दूध घेतलं की तासाभरात पोट नगाऱ्यासारखं होई, आत गुडगुड सुरू होई, आणि मग धावपळ. तूप चाले. ताक घोटभर चाले, वाटीभर चालत नसे. यामुळेच लोकांना त्यांचं खरं वाटत नसे. तूप गाईचंच, दूध गाईचंच. एक चालतं आणि एक चालत नाही म्हणजे बाईंचे नखरे. असं कुणी तोंडावर म्हणालं की बाई सांगत, "ते गाईला विचारा. माझ्याकडं फक्त पोट आहे." सिव्हिल हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरनं त्यांना हा मनाचा खेळ आहे असं सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, मग औषध मनाला द्या, पोटाला कशाला देता. पुष्कळ वर्षांनी मला दुसऱ्या एका डॉक्टरनं या प्रकाराला एक लांब नाव आहे असं सांगितलं. ते नाव तेव्हा कुणाला ठाऊक असतं तर या लेखाची गरज पडली नसती.

नाव द्वारका असल्यामुळं त्यांना दुधावरून चिडवणं सोपं होतं. पण तो विनोदही त्यांनी आधीच करून ठेवलेला होता. "कृष्णसुद्धा द्वारकेला आला तेव्हा दूध-लोणी गोकुळातच ठेवून आला," असं त्या म्हणत.

दुसरा कुणी असता तर खिरीचं नाव टाकून मोकळा झाला असता. बाईंना ते मान्य नव्हतं. दूध मिळणार नाही म्हणून खीर का जावी? त्यांनी ठरवलं, की सकाळच्या खाण्यातला एकही आवडता पदार्थ सोडायचा नाही. फक्त त्यातलं दूध दुसरीकडून आणायचं. हे दुसरीकडून आणणं माझ्या डोळ्यांदेखत, आणि बऱ्याच अंशी माझ्या तोंडात, झालं.

सुरुवात शेंगदाण्याच्या दुधानं झाली. दाणे रात्री भिजवायचे, सकाळी टरफलं चोळून काढायची, पाट्यावर पाणी घालत वाटायचे आणि फडक्यातून पिळून काढायचे. पांढरंशुभ्र दूध निघे. पहिल्या दिवशी बाईंनी त्यात शेवया शिजवून माझ्यापुढं वाटी ठेवली. मी घास घेतला. तेलाच्या घाण्याशेजारी बसून शेवया खाल्ल्यासारखं वाटलं. बाई समोर छत्रीवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या. मी म्हणालो, वेगळी आहे. त्या म्हणाल्या, "वेगळी आहे म्हणजे वाईट आहे. उद्या या."

दुसऱ्या दिवशी दूध जास्त उकळलं, तर ते फाटलं. मग वेलदोडा घातला, मग सुंठ, मग चिमूटभर मीठ. मग लक्षात आलं की दाणे थोडे भाजून भिजवले तर कच्चा वास जातो, पण दूध पिवळट पडतं. पिवळट चालेल, बाई म्हणाल्या, म्हशीचं पांढरं, गाईचं पिवळं, आपलं शेंगेचं. तीळही करून पाहिले. ते न सडता, सालासकट वाटल्यामुळं इतके कडू झाले की भांडं घासणाऱ्या मुलीनं आत काय विष कालवलं होतं का म्हणून विचारलं. नारळाचं दूध उत्तम लागतं हे बाईंना माहीत होतं, पण आमच्याकडं नारळ सणासुदीचा. म्हणून शनिवारी मारुतीला फुटणाऱ्या नारळांवर त्यांनी डोळा ठेवला. पुजारी म्हणाला, बाई, प्रसाद आहे. बाई म्हणाल्या, प्रसादच करते. पुढं शनिवारी सकाळी वसतिगृहात नारळाच्या दुधातला शिरा होऊ लागला आणि गावात बाईंची मारुतीवर भक्ती बसल्याची बातमी पसरली.

थालीपिठावर लोण्याचा गोळा लागतो. तो कुठून आणायचा? बाईंनी भाजलेले दाणे उखळात घातले आणि भीमाबाईला कुटायला बसवलं. भीमाबाई म्हणजे वसतिगृहातली स्वयंपाकीण. तिनं आधी कूट केलं. बाई म्हणाल्या, अजून. कुटाला तेल सुटलं. अजून. शेवटी उखळात एक मऊ, तेलकट, बदामी गोळा तयार झाला. गरम थालीपिठावर तो ठेवला की हळूहळू पसरे. बाईंनी जाहीर केलं, की हे लोणी.

भीमाबाईनं मुसळ खाली ठेवलं. "ह्याला लोनी म्हनायचं, तर गायीनं जीव द्यावा."

"दे म्हणावं," बाई म्हणाल्या. "मीठ आण."

मला स्वतःला ताकातली उकड जिवापाड आवडायची. आमच्या घरी ती ज्वारीच्या पिठाची करत. ताकाशिवाय उकड म्हणजे माझ्या मते बोलायची सोय नव्हती, आणि हे मी बाईंना चांगलं सांगितलं होतं. त्यांनी चिंचेचा पातळ कोळ केला, लसूण-मिरचीची फोडणी दिली, त्यात पीठ वैरलं, झाकण ठेवलं, आणि वाढताना वरून कच्चं तेल घातलं. मी दोनदा घेतली. बाईंनी छत्रीनं माझ्या रिकाम्या ताटलीकडं भीमाबाईला दाखवलं.

चहा त्या कोराच घेत, गवती चहा आणि गूळ घालून. यातून एकदा भानगड झाली. शिक्षणखात्याचे एक साहेब तपासणीला आले. आमच्याकडं कोरा चहा गरीब पितात. पाहुण्याला कोरा चहा देणं म्हणजे तू आमच्या दाराशी कोण, असं सांगणं. बाईंनी साहेबांपुढं आपल्यासारखाच कप ठेवला. साहेबांनी कपात पाहिलं आणि वसतिगृहात दुधाची टंचाई आहे का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, टंचाई नाही, दूध वेगळं ठेवलंय, लागेल तेवढं घाला. पण चहा दुधाशिवाय होत नाही असं कुणी सांगितलं? साहेबांनी दूध घातलं नाही. हट्टानं कोराच प्याले आणि जाताना पुडीत गवती चहा घेऊन गेले. तपासणीच्या शेऱ्यात मात्र त्यांनी बाईंच्या वागण्यात 'अनावश्यक ठामपणा' असल्याचं लिहिलं. तो शब्द बाईंना फार आवडला. त्या तो स्वतःबद्दल वापरू लागल्या.

आता काशीबद्दल. आमच्याकडं काशीला जाऊन आलेलं माणूस तिथं एखादी आवडती वस्तू सोडून येतं आणि ती पुन्हा आयुष्यात खात नाही. निदान रीत अशी आहे. प्रत्यक्षात लोक काय सोडतात ते बघण्यासारखं असतं. आमच्या संस्थेचे चेअरमन होते. त्यांच्या मातोश्रींनी काशीला कारलं सोडलं होतं. सगळं गाव त्यांना थोरल्या आई म्हणे. मनानं भली बाई. बाईंना दूध चालत नाही यावरून लोक नावं ठेवतात हे त्यांच्या कानावर गेलं, आणि त्या मुद्दाम वसतिगृहात आल्या. मी फळ्यापाशी होतो. त्यांनी बाईंना जवळ बसवून समजावलं, की गं, पोटाचं सांगत बसू नकोस, चारचौघांत बरं दिसत नाही. "सांग की काशीला सोडलं म्हून. कोन बगाया गेलंय?"

बाई म्हणाल्या, "आई, मी काशीला गेले नाही."

"मी म्हनते ना, गेल्ती म्हून."

"आणि सोडलेलंही नाही. मला आवडतं. तुम्हाला कारलं आवडायचं का?"

थोरल्या आई हसायला लागल्या, पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. पण जाताना म्हणाल्या, की पोरी, लोकांला तोंड द्यायचं तर काशी बरी पडते. त्यांचं चूक नव्हतं. सोडलंय म्हटलं की आमच्याकडं माणूस हात जोडतो. पचत नाही म्हटलं की हसतो.

त्याच हिवाळ्यात चेअरमननी दूध सोसायटी काढली. शिक्षणसंस्था त्यांची, ऊस त्यांचा, आता दूधही. दुष्काळात आपल्या भागाचं नाव व्हावं म्हणून त्यांनी वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला रोज सकाळी मोठा पेलाभर दूध फुकट द्यायचं जाहीर केलं. खरोखर द्यायलाही लागले. अल्युमिनियमच्या कॅनवर त्यांचं नाव रंगवलेलं होतं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. हेतूत नाव रंगवायला जागा होती, इतकंच.

पंधरवड्यात वसतिगृहाची सकाळ बदलली. कालव्याखालच्या मुली पीत आणि मिशा पुसत. कोरड्या भागातल्या मुलींनी जन्मात चहापुरतं दूध पाहिलेलं. त्यांतल्या काहींची पोटं चार दिवसांत सरावली. काहींची सरावली नाहीत. सकाळी संडासापुढं रांग लागे आणि माझ्या गणिताच्या तासाला निम्म्या मुली गैरहजर. सगळ्यांत वाईट हाल सिंधूचे. पाथर्डीकडची, तेरा वर्षांची, हाडकुळी, गणितात तेज. ती पेला रिकामा करी, पहिलं उदाहरण सोडवी आणि दुसऱ्याला पोट धरून उठे. एकदा तिनं दूध गपचूप तुळशीत ओतलं. कॅन घेऊन येणाऱ्या माणसानं ते पाहिलं आणि चेअरमनना सांगितलं.

बाईंनी तिला समोर घेतलं. मला वाटलं आता रागावतात. त्यांनी एवढंच विचारलं, की पोटात गुडगुडतं की कळ येते.

"आदुगर गुडगुडतंय, मंग कळ येती," सिंधू म्हणाली. "बाई, मी माजत न्हाई. मला काढू नका. माय खडीवर हाय."

"उद्यापासनं शेंगेचं पी," बाई म्हणाल्या. "आणि तुळशीत ओतायचं नाही. तुळशीला तरी पचतं असं कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून जिला सोसत नाही तिला शेंगदाण्याचं दूध मिळू लागलं, आणि तेवढं दूध कॅनमधून परत जाऊ लागलं. परत जाणारं दूध चेअरमनना सोसलं नाही. त्यांनी बाईंना बंगल्यावर बोलावलं. शाळेचा एक माणूस साक्षीला असावा म्हणून बाईंनी मला नेलं. मी सोफ्याच्या कडेला बसलो आणि तसाच राहिलो.

चेअरमन शांत माणूस. ते म्हणाले, महिन्याअखेर मुंबईचे पाहुणे येणार, दूधवाटपाचा समारंभ आहे, मुली स्टेजवर येऊन त्यांच्या हातून पेला घेतील आणि तिथंच पितील, फोटो निघतील. दुष्काळात लोकांना चहाला दूध नाही आणि आमच्या मुली परत पाठवतात, हे बाहेर गेलं तर काय अब्रू राहील? जी पिणार नाही तिची जागा दुसऱ्या गरजू मुलीला देऊ. मुलींची काय कमी आहे. आणि पहिलं नाव त्यांनी सिंधूचंच घेतलं, कारण तुळशीचं त्यांच्या मनात होतं.

बाई म्हणाल्या, तिला पचत नाही. मलाही पचत नाही.

"तुमचं वेगळं," चेअरमन म्हणाले. "तुम्ही काशीला सोडलंय. आईनं सांगितलं मला. त्याचा आम्ही मानच ठेवतो."

थोरल्या आईंनी भलेपणानं ती वाट करून ठेवली होती. बाईंनी नुसतं गप्प राहायचं होतं. नोकरी राहिली असती, वर मान मिळाला असता. मी मनातल्या मनात म्हणत होतो, की बाई, आज एक दिवस गप्प बसा.

"साहेब, मी काशीला गेलेली नाही," बाई म्हणाल्या. "आणि ही पोरगी तेरा वर्षांची आहे. ती कधी जाऊन आली म्हणून सांगू?"

चेअरमन उठले. समारंभाला भेटू, म्हणाले.

समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. मांडव, पताका, स्टेजवर खुर्च्या, मागं कापडावर एक गाय काढलेली. ही गाय गावातल्या पेंटरनं सोसायटीच्या नव्या गाईंवरून काढली होती आणि तिचा चेहरा थोडा चेअरमनांसारखा आला होता. यात त्याचा हेतू नसावा. लाउडस्पीकरवाला शिर्डीहून आणलेला. समोर दुष्काळी कामावरून सुट्टी देऊन आणलेली माणसं उन्हात बसलेली; त्यांना पेढे मिळणार असं सांगितलं होतं.

सूत्रसंचालन चेअरमनांकडंच होतं. मुलींची रांग लागली. रांगेत पुढं सिंधू, चेहरा पांढरा पडलेला. रांगेशेजारी बाई, हातात छत्री. पाहुण्यांनी पहिला पेला उचलला तेव्हा चेअरमन माइकमध्ये म्हणाले, की आमच्या रेक्टरबाईंनी स्वतः काशीक्षेत्री दुधाचा त्याग केलेला आहे, पण आपल्या वाटचं दूधही या लेकींना मिळावं अशी त्यांची भावना आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, हात वाजतात तेव्हा डोकं विचारात घेतलं जात नाही.

बाई दोन पावलं पुढं आल्या. सिंधूच्या पुढं आलेला पेला त्यांनी पाहुण्यांच्या हातून घेतला आणि माइकच्या दिशेनं, पण जेवढं ऐकू जावं तेवढंच, म्हणाल्या, "मी काशीला गेलेली नाही. काही सोडलेलंही नाही." आणि पेला तोंडाला लावून शेवटच्या थेंबापर्यंत प्याल्या. मग चेअरमनांना म्हणाल्या, की हिच्या वाटचं मी घेतलंय, आता आधी पाहुण्यांचं भाषण होऊ दे, बाकीच्या मुली नंतर घेतील. आणि स्टेजवर पाहुण्यांच्या शेजारची, माइकजवळची रिकामी खुर्ची ओढून बसल्या. पाहुण्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे. ते उठले आणि बोलू लागले.

पाहुण्यांचा आवाज चांगला होता आणि तो त्यांना स्वतःलाही आवडत होता. दूध म्हणजे पूर्णान्न, इथून त्यांनी सुरुवात केली. वेदकाळ झाला, गोकुळ झालं, शिवकाल झाला. बाई हात मांडीवर ठेवून समोर पाहत होत्या. सव्वा तास होत आला असेल, पाहुणे डेन्मार्कच्या डेअऱ्यांत पोहोचले होते, तेवढ्यात लाउडस्पीकरमधून लांबवर गडगडल्यासारखा आवाज आला.

पटांगणातल्या माणसांनी वर पाहिलं. त्या वर्षी गडगडलं की लोक वर पाहत. आभाळ कोरं होतं. पाहुणे थांबले, हसले, पुन्हा डेन्मार्ककडं वळले. परत आवाज आला, या वेळी लांब, शेवटी वर चढत जाणारा. चेअरमननी लाउडस्पीकरवाल्याकडं रागानं पाहिलं. तो बिचारा धावला, वायरी हलवल्या, डब्याला कान लावला, बटणं फिरवली. त्यामुळं तिसरा आवाज पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा आला. मग तो स्टेजच्या कडेला येऊन, आपली बदनामी होऊ नये म्हणून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेब, माइकचा शेट बराबर हाय. आवाज श्टेजवरनं येतोय."

बाई उभ्या राहिल्या. घामानं कपाळ चमकत होतं, पण सूर नेहमीचा, चौकशीचा.

"तो माझ्या पोटाचा आवाज आहे," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी या पोरींच्या पोटात हाच होतो. त्यांना माइक नाही म्हणून तुम्हाला ऐकू आला नाही. आता मला जायला पाहिजे. साहेबांचं राहिलेलं भाषण होईपर्यंत मला थांबता येणार नाही. या पोरींना पाजून बसवलंत तर त्यांनाही येणार नाही."

आणि त्या निघाल्या. घाईनं नाही. छत्री टेकत, पायऱ्या उतरून, मांडवातून, मधल्या वाटेनं. खडीवरच्या बायकांनी पाय आवरून वाट दिली. कुणी हसलं नाही. वसतिगृहाचं दार लागलं तेव्हा एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, की आमची नात बी आसंच करती, आन् आमी तिला मारतो. मग पेढे वाटले. पाहुण्यांनी डेन्मार्क तिथंच सोडलं.

बाकीच्या मुलींना पेले दिले नाहीत. सिंधूचं नाव काढलं नाही, आणि पुढच्या सोमवारपासून ज्यांना पाहिजे त्यांनाच दूध, असा निरोप आला. बाईंना नोकरीवरून काढायची भाषा संस्थेत बरेच दिवस चालली. पण काढण्याचं कारण ठरावात लिहावं लागतं, आणि ते सभ्य मराठीत लिहायला कुणी तयार होईना.

मी दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा उतरलेला, हातात सुंठीचं पाणी. शेजारी सिंधू पाय चेपत होती. बाई तिला सारख्या अभ्यासाला जा म्हणत होत्या आणि ती जात नव्हती. काही लागलं तर सांगा, म्हणालो.

"म्हशीचं होतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"दूध. गाय रंगवलेली, पण दूध म्हशीचं होतं." सुंठीच्या पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "फार चांगलं लागलं हो. किती वर्षांनी प्याले."

त्यानंतर वर्षभरात माझी बदली झाली. मधल्या काळात भेटी तुटक. शेवटचं त्यांना पाहिलं ते नगरच्या एका दवाखान्यात. थकल्या होत्या, चष्म्याची भिंगं आणखी जाड झाली होती, छत्री कॉटच्या कडेला अडकवलेली. नवीन, हसरी नर्स दूध आणि बिस्किटं घेऊन आली. बाईंनी पेला बाजूला केला. ती म्हणाली, "आजी, काशीला सोडलंय का?"

बाईंना बोलायला कष्ट पडत होते. एक हो म्हटलं असतं तर पेला गेला असता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"मग घ्या की थोडंसं. दुधाशिवाय ताकद कशी येणार?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही, पण वाक्य कुठलं होतं ते मला ओळखता आलं. नर्सला अर्थातच कळलं नाही. मी जाताना त्यांनी छत्रीच्या टोकानं मला बिस्किटं दाखवली, घेऊन जा म्हणून.

त्या गेल्यावर संस्थेनं शोकसभा घेतली. चेअरमन फार चांगलं बोलले. काशीचा प्रसंग सांगताना त्यांचा आवाज भरून आला, आणि मला वाटतं तोपर्यंत त्यांचा त्यावर खरंच विश्वास बसला होता. पाटी त्यानंतर बसली. दर वर्षी पुण्यतिथीला तिला हार घालतात, त्यागावर एक भाषण होतं, आणि बाईंच्या स्मरणार्थ वसतिगृहातल्या प्रत्येक मुलीला पेलाभर दूध वाटतात. सध्याच्या रेक्टर सिंधूबाई त्या दिवशी रजेवर असतात. कारण पोटदुखी देतात.